कूपरेज ते जकार्ता : रहीमसाहेबांचा फुटबॉलचा वर्ग

विश्वकरंडक फुटबॉल स्पर्धा जवळ आली, की मराठी घरांतूनही ब्राझीलच्या प्रशिक्षकांची नावे ऐकू येऊ लागतात. झागालो, टेले सांताना, स्कोलारी ही नावे जळगाव-भुसावळच्या क्रीडाप्रेमींनाही पाठ असतात. भारतीय फुटबॉल संघाला आशियाई क्रीडा स्पर्धेत दोनदा सुवर्णपदक मिळवून देणारा आणि ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीपर्यंत नेणारा माणूस कोण, असे विचारले तर मात्र बहुतेकांना आठवावे लागते. अलीकडे हिंदी चित्रपटामुळे हे नाव थोडेफार परतले, इतकेच. तो माणूस म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादेत आणि खेळाडूंमध्ये ते रहीमसाहेब म्हणूनच ओळखले जात. व्यवसायाने ते शाळामास्तर होते आणि अखेरपर्यंत त्यांच्या फुटबॉलमध्ये हा मास्तर दिसत राहिला.

१७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत त्यांचा जन्म झाला. ते हैदराबाद आज आपल्याला दूरचे वाटते. पण मुक्ताईनगर-जळगावच्या दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर ओलांडला, की त्या काळी निझामाचेच राज्य लागत असे. औरंगाबादपासून नांदेडपर्यंतचा सारा मराठवाडा त्या राज्याचा भाग होता. या राज्याच्या राजधानीत शिक्षणाला आणि खेळांना राजाश्रय होता. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना रहीम विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले. पदवीनंतर ते शिक्षकी पेशात शिरले. काचीगुडा, चादरघाट अशा भागांतल्या शाळांमध्ये त्यांनी शिकवले, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळांमधील खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. सायंकाळी ते कमर क्लबकडून स्थानिक स्पर्धांत खेळत. खेळाडू म्हणून ते चांगले होते. पण त्यांची गुणवत्ता खेळण्यापेक्षा शिकवण्यात अधिक होती, हे त्यांच्या स्वतःच्याही लवकरच ध्यानात आले असावे.

चाळीसच्या दशकात हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद त्यांच्याकडे आले. टेनिस, क्रिकेट, हॉकी असे अनेक खेळ खेळलेले सय्यद महंमद हादी हे संघटनेचे अध्यक्ष होते. या जोडीने हैदराबादच्या फुटबॉलची घडी बसवली. सचिवपद म्हणजे बैठका आणि हिशेब असा अर्थ रहीम यांनी घेतला नाही. त्यांनी मुलांसाठी स्पर्धा सुरू केल्या आणि त्या स्पर्धांचे नियमच असे आखले, की नियम पाळता पाळता मुलगा शिकून जावा. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी असे. चेंडू पायाशी येताच तो साथीदाराकडे द्यायचा, घोळवत बसायचे नाही. दुसऱ्या स्पर्धेत फक्त कमजोर पायाने खेळायची मुभा असे. उजव्या पायाच्या मुलाने डाव्याने मारायचे, डावऱ्याने उजव्याने. लहान चणीच्या मुलांना धटिंगणांपुढे वाव मिळावा म्हणून उंचीनुसार गट पाडून सामने होत. आज यातले काही नवे वाटणार नाही. परंतु ज्या काळात भारतीय प्रेक्षक पाच जणांना चकवून जाणाऱ्या एकट्या वीरालाच डोक्यावर घेत, त्या काळात चेंडू झटपट सोडून देण्याची शिकवण म्हणजे जवळजवळ पाखंडच होते.

या शिकवणीचे फळ प्रथम मुंबईला दिसले. कूपरेजच्या मैदानावर त्या काळी होणारी रोव्हर्स चषक स्पर्धा ही देशातील सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक होती. १८९१ पासून ती प्रामुख्याने गोऱ्या पलटणींची मिरास होती. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती पहिल्यांदा भारतीयांच्या हाती आणली. १९५० साली तेथे हैदराबाद सिटी पोलीस हा संघ उतरला. दोनच वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९४८ मध्ये, पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले होते. रझाकारांच्या आठवणी ताज्या होत्या. हैदराबादचे नाव उच्चारताच उर्वरित भारतात भुवया उंचावत असत. अशा वेळी या शहराच्या पोलिसांचा संघ मुंबईत आला आणि चषक घेऊन गेला. पुढच्या वर्षीही तेच झाले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबादला गेला. कूपरेजच्या प्रेक्षकांना या संघाच्या छोट्या, जमिनीलगतच्या पासेसची सवय झाली. अझीझुद्दीन, नूर महंमद, जमाल ही नावे मुंबईकरांच्या ओळखीची झाली. १९५० मध्येच या संघाने दिल्लीचा ड्युरँड चषकही मोहन बागानला हरवून जिंकला, आणि १९५४, १९५७ व १९६१ मध्ये त्याची पुनरावृत्ती केली. पुढे हाच संघ आंध्र प्रदेश पोलीस या नावाने ओळखला जाऊ लागला.

मुंबईला रहीमसाहेबांचा हात आणखी एका ठिकाणी लागला. १९५६-५७ आणि १९५७-५८ अशा लागोपाठ दोन वर्षी हैदराबादने राष्ट्रीय विजेतेपदाचा संतोष करंडक जिंकला. दोन्ही वेळी अंतिम सामन्यातील पराभूत संघ मुंबईचा होता.

राष्ट्रीय संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली तेव्हा भारताकडे गुणवान खेळाडू होते, पण संघ म्हणून खेळण्याची शिस्त नव्हती. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. साहू मेवालाल यांनी तो गोल केला. घरच्या मैदानावरच्या या यशाने देश हुरळून गेला. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकने त्याला जमिनीवर आणले. युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. भारताचे अनेक खेळाडू अनवाणी खेळत होते. युरोपातील थंडीत, ओल्या गवतावर, बूट घातलेल्या धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांपुढे त्यांचे पाय टिकेनात. या सामन्यानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

रहीम यांनी या पराभवाचा अर्थ मात्र नुसत्या बुटांपुरता घेतला नाही. भारतात त्या काळी सामने ७० मिनिटांचे होत. ऑलिम्पिकमध्ये ९० मिनिटे खेळावे लागे. अखेरची वीस मिनिटे भारतीय खेळाडूंसाठी परक्या मुलखासारखी होती. शिवाय भारतात अजून दोन बचावपटू, तीन मध्यरक्षक आणि पाच आघाडीपटू अशी जुनी रचनाच रूढ होती, तर जग पुढे गेले होते. हेलसिंकीत सुवर्णपदक जिंकले ते हंगेरीने. पुष्काश, हिदेकुटी, कोचिश यांच्या त्या संघात मध्यवर्ती आघाडीपटू मागे सरकून खेळे आणि प्रतिस्पर्धी बचावपटूला त्याच्यामागे जावे की जागा धरावी हेच कळत नसे. रहीम यांनी परतल्यावर तिसरा बचावपटू मागे घेतला, दमसासावर भर दिला आणि हंगेरीची ही युक्ती आपल्या खेळाडूंच्या पचनी पडेल अशा रीतीने शिकवायला सुरुवात केली.

चार वर्षांनी मेलबर्नमध्ये त्याचे उत्तर मिळाले. नोव्हेंबर १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. हंगेरीचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकला आलाच नाही. पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशीच होती, त्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली. हे नशीब खरेच. पण त्यानंतर जे घडले ते नशिबाचे नव्हते. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे नमवले. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझा यांचे होते. मूळचे गोव्यातील आसगावचे आणि मुंबईच्या मैदानांवर वाढलेले डिसोझा हे ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे पहिले आशियाई ठरले. चौथा गोल किट्टू यांनी केला. आशियातील कोणताही संघ त्यापूर्वी ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत पोहोचला नव्हता. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर उभा होता. दुसऱ्या सत्राच्या आरंभी डिसोझा यांनी गोल केला आणि काही क्षण भारत चक्क आघाडीवर होता. मग अनुभवाने आपले काम केले. युगोस्लाव्हियाने पाठोपाठ गोल केले आणि सामना ४-१ असा जिंकला. कांस्यपदकाच्या सामन्यातही बल्गेरियाकडून ३-० अशी हार पत्करावी लागली. पदक हुकले. पण १०-१ पासून ४-१ पर्यंतचे अंतर चार वर्षांत कापले गेले होते.

त्या संघात हैदराबादच्या खेळाडूंचा मोठा भरणा होता. अझीझुद्दीन, नूर महंमद, झुल्फिकारुद्दीन, अहमद हुसेन आणि तुलसीदास बलराम ही सारी रहीम यांच्या शहराची मुले. यावरून पक्षपाताची कुजबूज होणे अपरिहार्यच होते. निवड समित्यांतील प्रांतिक ओढाताण ही काही क्रिकेटचीच मक्तेदारी नव्हे. कलकत्ता हे स्वतःला भारतीय फुटबॉलचे माहेरघर समजे, आणि त्यात वावगे काही नव्हते. मात्र रहीम यांच्या संघांकडे पाहिले, तर बंगालचे पी. के. बॅनर्जी व चुनी गोस्वामी, पंजाबचे जर्नेलसिंग आणि मुंबईचे डिसोझा यांनीही आपला उत्तम खेळ त्यांच्याच हाताखाली केला, हे दिसते. बलराम यांची कथा तर शाळामास्तराला शोभणारी. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील हा गरीब मुलगा. सरावाला शहरात यायचे तर जाण्या-येण्याच्या खर्चापासूनच प्रश्न होता. रहीम यांनी तो खर्च उचलला. मुलगा मेलबर्नला गेला, रोमला गेला, जकार्तालाही गेला.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकचा उल्लेख भारतीय फुटबॉलच्या इतिहासात ओझरता होतो. तो अधिक व्हायला हवा. भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू होते. हंगेरीकडून भारत २-१ असा हरला. कर्णधार पी. के. बॅनर्जी यांच्या गोलमुळे फ्रान्सविरुद्ध भारत जिंकणार असे वाटत असतानाच फ्रान्सने अखेरच्या टप्प्यात बरोबरी साधली. पेरूने ३-१ असे हरवले आणि भारत गटातच बाद झाला. भारताचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकमध्ये त्यानंतर कधी दिसला नाही.

याच काळात ब्राझीलचे नाव जगभर गाजत होते. १९५८ च्या विश्वकरंडकात व्हिसेंते फिओला यांच्या ब्राझीलने चार बचावपटू, दोन मध्यरक्षक आणि चार आघाडीपटू अशी ४-२-४ ची रचना वापरून जग जिंकले. रहीम यांनी ही रचना ब्राझीलच्याही आधी वापरली, असा दावा भारतात वारंवार केला जातो. त्यात अभिमानाचा भाग किती आणि वस्तुस्थितीचा किती हे ठरवणे अवघड आहे. मात्र दोघांचा उगम एकच होता. बेला गुटमन या हंगेरियन प्रशिक्षकाने १९५७ मध्ये साओ पावलो क्लबला शिकवले, तेव्हा फिओला त्यांचे सहायक होते. हंगेरीच्या विचारांचे बीज ब्राझीलमध्ये असे पोहोचले. हैदराबादेत ते एका शाळामास्तराच्या निरीक्षणातून पोहोचले. फरक असा, की ब्राझीलमध्ये त्यामागे क्लबांची रांग, पगारी प्रशिक्षक आणि लाखो प्रेक्षक उभे होते. येथे एकटे रहीम होते. त्यांचे शिष्य आल्बर्टो फर्नांडो १९६४ मध्ये ब्राझीलमधील प्रशिक्षण वर्गाला गेले. आपण १९५६ मध्ये रहीमसाहेबांकडून जे शिकलो तेच येथे आता शिकवले जात आहे, असे त्यांनी परतल्यावर सांगितले. या साक्षीचे मोल कोणत्याही दाव्यापेक्षा अधिक आहे.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धा सुरू होण्याआधीच वादात सापडल्या. यजमान इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. आशियाई क्रीडा महासंघाच्या संस्थापकांपैकी एक असलेले भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी या स्पर्धांची मान्यता काढून घ्यावी अशी भूमिका घेतली. तत्त्वतः ती योग्यच होती. पण तिची किंमत मैदानावरच्या भारतीय खेळाडूंना मोजावी लागली. जकार्तात निदर्शने झाली, भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. बसमधून जाताना दगडांपासून वाचण्यासाठी आपण खाली बसत असू, असे खेळाडू पुढे सांगत.

संघाची अवस्थाही नाजूक होती. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. दुसऱ्या सामन्यात थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला. पण बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग यांच्या डोक्याला मोठी जखम होऊन टाके घालावे लागले. जपानला २-० असे हरवून भारत उपांत्य फेरीत गेला. येथे रहीम यांनी जो निर्णय घेतला तो त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा अर्क म्हणता येईल. डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलसिंगना त्यांनी बचावफळीतून काढले आणि थेट मध्यवर्ती आघाडीपटू म्हणून पुढे उभे केले. जर्नेलसिंग तरुणपणी आघाडीला खेळत असत, हे त्यांनी लक्षात ठेवले होते. बचावाची मध्यवर्ती जागा अरुण घोष यांनी सांभाळली. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारताने ३-२ असा विजय मिळवला. त्यात दोन गोल कर्णधार चुनी गोस्वामी यांचे होते आणि एक जर्नेलसिंग यांचा.

अंतिम सामना ४ सप्टेंबर रोजी होता, पुन्हा दक्षिण कोरियाशी. आदल्या रात्री रहीम यांनी खेळाडूंना एकत्र बोलावले. डावपेचांचा फळा त्या रात्री निघाला नाही. उद्याचे सुवर्णपदक मला भेट म्हणून द्या, एवढेच मागणे त्यांनी मागितले. चुनी गोस्वामी यांनी ही आठवण आयुष्यभर सांगितली. अंतिम सामन्यासाठी त्यांनी आणखी एक धाडस केले. तापातून नुकते उठलेले उंचपुरे पीटर थंगराज यांना त्यांनी गोलात परत आणले. कोरियन संघ उंच चेंडूंचा मारा करणार याचा त्यांना अंदाज होता.

सेनायन मैदानावर सुमारे एक लाख प्रेक्षक होते आणि जवळजवळ सारेच भारताच्या विरोधात. भारताच्या बाजूने ओरडणारा एक छोटा गट मात्र होता, पाकिस्तानच्या हॉकी संघाचा. आशियाई स्पर्धेतील हॉकीचे सुवर्णपदक त्यांनी भारताला हरवूनच मिळवले होते. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी गोल केला. तीनच मिनिटांनी पट्टी बांधलेले जर्नेलसिंग यांनी दुसरा गोल केला. कोरियाला एक गोल परत करायला सामन्याची अखेर गाठावी लागली. भारत २-१ असा जिंकला. त्या अकरा जणांत मूळचे गोव्यातील कोलवाळचे आणि मुंबईत वाढलेले फॉर्च्युनाटो फ्रँको हेही होते. हैदराबादचे युसुफ खान होते, बलराम होते. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला त्यानंतर मिळालेले नाही.

जकार्ताहून परतल्यावर रहीम यांची प्रकृती झपाट्याने खालावली. फुफ्फुसाचा कर्करोग होता. १९६३ च्या पूर्वार्धात ते अंथरुणाला खिळले आणि ११ जून १९६३ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, हैदराबादेत त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत प्रशिक्षकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार नव्हता. द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ मध्ये. चुनी गोस्वामी आणि पी. के. बॅनर्जी हे त्यांचे दोन्ही शिष्य पद्मश्री झाले, गुरूचे नाव मात्र पद्म पुरस्कारांच्या यादीत नाही. त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम रोमच्या ऑलिम्पिक संघात होते. पुढे त्यांनी हवाई दलात नोकरी केली, प्रशिक्षक आणि पंच म्हणून नाव मिळवले, आणि २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २०२० ते २०२३ या काळात बॅनर्जी, गोस्वामी, फ्रँको, हकीम आणि बलराम हे एकेक करून गेले. रहीम यांच्या वर्गात बसलेल्यांची पिढी अशी सरत आली, आणि २०२४ मध्ये 'मैदान' हा चित्रपट प्रदर्शित झाला.

वर्ग घेणारा असतो तोवरच वर्ग चालतो, हे भारतीय फुटबॉलने नंतर पुष्कळ अनुभवले. रहीम यांच्या कमजोर पायाच्या आणि ड्रिबलिंगबंदीच्या स्पर्धांचे एखाद्या संस्थेने अभ्यासक्रमात रूपांतर केले असते तर काय झाले असते, हा प्रश्न विचारायला आता फार उशीर झाला आहे. मात्र त्यांच्या निधनानंतर लगेच सारे थांबले असेही नाही. १९६३ मध्ये आंध्र पोलिसांनी कूपरेजवर पुन्हा एकदा रोव्हर्स चषक जिंकला. आणि १९६३-६४ च्या संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात मद्रासला आंध्र प्रदेशसमोर महाराष्ट्र उभा राहिला. या वेळी हार आंध्रच्या वाट्याला आली. विजयी महाराष्ट्राच्या संघात जकार्ताचे सुवर्णपदक मिळवलेले फॉर्च्युनाटो फ्रँको होते.